महाबलीपुरमला गेलेली बायको

सोमवारी दुपारी दोन वाजले की आमच्या घरात इंग्लंडचं हवामान सुरू व्हायचं. माझा नवरा गाड्यांच्या दारांची डिझाइनं करतो, आणि ज्यांच्यासाठी करतो ते लोक तिकडे असतात. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आमचे दुपारचे दोन. सोमवारी तो घरूनच काम करायचा, बेडरूममध्ये टेबल टाकून आणि दार लोटून. मी स्वयंपाकघरात जेवणानंतरची आवराआवर करत असायची. चेन्नईत अण्णा नगरमधला आमचा भाड्याचा फ्लॅट एवढासा, की बेडरूममध्ये कुणी शिंकलं तर ओट्यापाशी मला दचकायला व्हायचं. तेव्हा मी चोरून ऐकत होते असं कुणी म्हणू नये. कानात बोळे घालून भांडी घासायची का?

तिकडून लॅपटॉपवर एक बाई बोलायची. आवाजावरून पन्नाशीची वाटायची. दारांचा विषय निघायच्या आधी दहा मिनिटं ती फक्त हवा आणि शनिवार-रविवार यांच्यावर बोलायची. एकदा शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं म्हणून ती म्हाताऱ्या आईला आणि कुत्र्याला गाडीत घालून डोंगराकडे निघाली. तिथं पोचेपर्यंत गारा सुरू. मग तिघांनी गाडीतच बसून सँडविच खाल्ले. पुन्हा ऊन पडलं, म्हणून उतरले. शंभर पावलं चालले नाहीत तोवर धो धो पाऊस. आईचा गुडघा आधीच दुखरा, त्यात ती चिखलात घसरली. आणि हे सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणते काय, तर फार छान दिवस गेला!

मी हातात घासणी धरून उभी. छान? यात छान काय होतं? ही बाई तक्रार करतेय की कौतुक, तेच मला कळेना. आमच्याकडे कुणी दहा मिनिटं हवेवर बोलायला लागलं, की समजावं, पाहुणा मुलीचं स्थळ घेऊन आलाय आणि मूळ विषय चहानंतर निघणार आहे. इथं चहानंतर निघायची ती दारं. त्यातून ती माझ्या नवऱ्याला म्हणायची, तुमचं नशीब थोर, तुमच्याकडे रोज ऊन! मे महिन्यातल्या कडक दिवसांना इथं अग्निनक्षत्र म्हणतात. नळाचं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. म्हणे नशीब! एकदा ये म्हणावं बाई, आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून दाखव.

पण खरं सांगते, हळूहळू मला त्या बाईची सवय लागली. सोमवारी मी मुद्दाम भांडी उशिरा घासायला घ्यायची. आईचा गुडघा, कुत्र्याचे चिखलाचे पाय, छत्री धरून भाजलेली मक्याची कणसं. नवऱ्याला मी विचारायची, "अरे, त्यांच्या आईचा गुडघा कसाय आता?" तो म्हणायचा, "तुला काय करायचंय?" मला काय करायचं असणार? दिवसभरात माझ्या कानावर पडणारं, मला कळणारं तेवढंच एक बोलणं होतं.

मी कराडला शाळेत गणित शिकवायची. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इथं, म्हणून मीच राजीनामा दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. उलट मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं, की चेन्नईत काय, शाळा ढीगभर आहेत. शाळा होत्याच. दोन ठिकाणी मुलाखत झाली, दोन्हीकडे विचारलं, तमिळ येतं का? कळवतो म्हणाले. अजून कळवतायत. बघता बघता दोन वर्षं झाली.

राहिला शनिवार-रविवार. एकाआड एक शनिवारी नवऱ्याला गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जावं लागायचं. जो शनिवार मोकळा, त्या दिवशी तो अकरापर्यंत झोपायचा. उठून म्हणायचा, "ऊन उतरलं की निघू." ऊन उतरायचं पाचला. तोवर याचा पुन्हा डोळा लागलेला. सहाला उठून म्हणायचा, "आता काय जायचं, पोचेपर्यंत अंधार." महाबलीपुरम, अड्यारचा तो मोठा वड, पुलिकतचे पक्षी, सगळं या एका उन्हाच्या नावावर राहून गेलं. मी भांडायची नाही. तो दमलेला दिसायचा. आतून मात्र मी चरफडत असायची.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या पोथीतली असावी तशी, वर तमिळचा हेल. निम्मं मला कळायचं नाही, माझं निम्मं त्यांना. शनिवारी संध्याकाळी मी जिन्यात दिसले की त्या हातानंच विचारायच्या, कुठं गेला नाहीत? मीही हातानंच सांगायची, नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला कराडहून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. गणिताच्या बाई निवृत्त होणार, जूनपासून जागा रिकामी, तुझी इच्छा असेल तर दुसऱ्या कुणाला विचारत नाही, पण मे अखेरच्या आत सांग. फोन ठेवला आणि मी पंख्याखाली नुसती बसून राहिले. आनंद झाला होता की भीती वाटत होती, मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार? तुला सोडून जाऊ का? रोज ठरवायची, आज सांगू. रोज तो घामाघूम होऊन यायचा, आणि मी ताक पुढे करायची.

असेच दोन आठवडे गेले, आणि एका सोमवारी मी कढई घासत होते. इंग्लंडच्या बाईंचं हवामान संपलं. त्यांनी विचारलं, तुमचा शनिवार कसा गेला? आणि माझा नवरा म्हणाला, "आम्ही महाबलीपुरमला गेलो होतो. पहाटेच निघालो. बायको लाटेत उभी राहिली, आणि मोठी लाट येऊन सगळी साडी भिजली. हसता हसता तिची पुरेवाट झाली."

कढई माझ्या हातातून सुटली. बायको? कुठली बायको?

मी खरंच तेच विचारलं, मोठ्यानं, भांड्यांना. शनिवारी मी इथं बसून मेथी निवडली होती! मग ही भिजली कोण? डोक्यात नको नको ते यायला लागलं. कारखान्याच्या नावाखाली हा भलतीकडेच तर जात नाही? पण तो शनिवार कारखान्याचा नव्हताच. तो दिवसभर माझ्यासमोर घोरत पडला होता. घोरणारा माणूस पहाटे महाबलीपुरमला जाईल कसा? तरी खात्री होईना, तेव्हा खाली जाऊन मी मालकीणबाईंना विचारलं, शनिवारी आमचे हे बाहेर पडताना दिसले का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मलाच ऊन लागलंय. मग बोट वर करून, गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली. म्हणजे घोरणं खालपर्यंत ऐकू जात होतं.

तो आठवडा मी वेड्यासारखा काढला. दुसरी बाई नाही, हे नक्की. मग तो खोटं का बोलला? आणि परक्या बाईशी? खोटं बोलायचंच होतं तर माझ्याशी बोलायचं, की शनिवारी नक्की जाऊ म्हणून, मला तेही चाललं असतं. राग तर आलाच होता, पण रागापेक्षा मला त्या भिजलेल्या बाईचा हेवा वाटत होता. स्वतःचाच हेवा! कुणाला सांगायची सोय नाही. आणि मे महिना संपत आलेला.

पुढच्या सोमवारी मी भांडी बाजूला ठेवली आणि कपाटातून टॉवेल काढायच्या निमित्तानं सरळ बेडरूममध्ये शिरले. टॉवेल नको होता. त्या बाई दिसतात कशा, आणि हा आज काय सांगतो, एवढंच मला पाहायचं होतं. तर बाईंनीच मला पाहिलं. पिकलेले आखूड केस, लाल गाल, मागे खिडकीच्या काचेवर पाऊस. "या तुमच्या मिसेस का? अहो, या ना!" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. मी पुढे झाले. बाई हसून म्हणाल्या, "तुमच्या साडीचं ऐकलं बरं का आम्ही. खाऱ्या पाण्यानं खराब नाही ना झाली?"

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांमधली माणसं माझ्याकडे बघत होती. नवऱ्यानं मान खाली घातली होती. एका वाक्यात मला त्याला उघडं पाडता आलं असतं.

"नाही झाली," मी म्हणाले. "सुती होती."

"आणि खूप हसलात म्हणे?"

"हो. खूप."

मी टॉवेल न घेताच बाहेर आले. मी असं का केलं, कोण जाणे. त्याला वाचवलं, की ती भिजलेली साडी मला सोडवेना? त्यांच्या आईचा गुडघा कसा आहे, हेही विचारायचं राहिलं.

कॉल संपला तरी तो बाहेर येईना. शेवटी मीच गेले. तो खुर्चीतच बसून होता.

"बोल," मी म्हणाले. "आणि हवेचं काही सांगू नकोस."

मग तो बोलायला लागला. पहिल्या वर्षी त्यानं खरं सांगून पाहिलं होतं. बाईंनी विचारलं, शनिवार कसा गेला? हा म्हणाला, झोपलो, किराणा आणला. तिकडे सगळे गप्प. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, पुन्हा गप्प. बाईंनी फार हळुवारपणे विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची समजूत अशी झाली, की या लोकांच्यात शनिवारी बाहेर न पडणारा माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेला माणूस. तेव्हापासून ज्या शनिवारी आमचं जिथं जायचं ठरून राहून गेलं, ते तो सोमवारी गेल्यासारखं सांगायचा. पुलिकतलाही आम्ही जाऊन आलो होतो. वडाखाली डबा खाल्ला होता. मी तिथं लिंबाचं लोणचं विसरले होते म्हणे!

"अरे माणसा," मी ओरडले, "त्यापेक्षा न्यायचं होतंस ना मला! खोटं रचायला जेवढी अक्कल लावलीस तेवढ्यात रिक्षा आली असती!"

"हो," तो म्हणाला.

"आणि मी हसले, हे कुठून काढलंस? दोन वर्षांत कधी पाहिलंस मला तसं हसताना?"

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "इथं नाही. कराडला. तुला भेटायला आलो होतो, तेव्हा तू शाळेतून बाहेर येत होतीस. हातात वह्यांचा गठ्ठा होता आणि पोरींच्या कशावर तरी हसत होतीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईंना मी तीच सांगत असतो. लाट नुसती माझी."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, आणि जे उरलं ते रागाहून वाईट होतं. मला रडू फुटलं. रडत रडतच मी त्याला मुख्याध्यापिकाबाईंच्या फोनचं सांगितलं. जून, गणिताची जागा, मे अखेर, सगळं. सांगताना वाटत होतं, यानं नको म्हणावं. लगेच वाटत होतं, म्हणाला तर मी याला कधीच माफ करणार नाही. नक्की काय हवंय, मलाच कळत नव्हतं. मला शाळा हवी होती. मला तोही हवा होता.

त्यानं उठून माझा फोन आणून हातात दिला. "त्यांना सांग, येते म्हणून."

"आणि तू?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण सांग."

मी फोन लावला. तो शेजारी बसून होता. मुख्याध्यापिकाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, वा, वा, अगं ये लवकर! मी हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यानं लॅपटॉपवर पुण्यापर्यंतच्या गाड्या उघडल्या होत्या. तारीख निवडली, आणि किती प्रवासी या रकान्यापाशी येऊन त्याचं बोट थांबलं.

"किती काढतोयस?" मी विचारलं.

"जाताना दोन," तो म्हणाला. "येताना एक."