बाबांनी दोनदा ओतलेलं ऑइल

आमचं डिझेलवर चालणारं वेल्डिंग मशीन दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं आहे. भिवंडीजवळ दापोड्याकडे नवीन गोदामं उभी राहतात तेव्हा तिथे वीज आलेली नसते. लोखंडी खांब, वरच्या छपराच्या कैच्या, सगळं आधी जोडून द्यावं लागतं, मग मीटर लागतो. म्हणून टेम्पोला मशीन जोडायचं आणि आमच्या कोन गावाहून निघायचं, हा आमचा धंदा. बाबांनी तो सुरू केला, मी त्यात वाढलो. वेल्डिंग मी करायचो. मशीन मात्र बाबांचं होतं. त्याला हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

सकाळी इंजिन चालू करण्याआधी ते त्याच्याभोवती एक फेरी मारायचे. ऑइल मोजायची काडी ओढून पुसायची, परत घालायची, परत ओढून उजेडात बघायची. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढायचं. एअर फिल्टर उघडून धूळ झटकायची, कारण गोदामांच्या रस्त्यावर सिमेंट आणि मातीशिवाय दुसरं काही उडत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरं धरलं असेल तर गरम पाणी. केबल हातातून सरकवत कुठे सोलली आहे का बघायचं. इंजिन चालू झाल्यावर लगेच काम सुरू करू द्यायचे नाहीत. "जरा दम खाऊ दे त्याला," म्हणायचे, आणि कान देऊन उभे राहायचे.

त्या दिवशी ऑइल बदलायचं होतं. साइटवर पोचल्यावर इंजिन थोडं गरम करून बाबांनी जुनं काळं ऑइल खाली काढलं, नवीन भरलं. मी आणि आमचा दुसरा वेल्डर खांबांच्या मापात गुंतलो होतो. हा वेल्डर उत्तर प्रदेशातला, पूर्वी भिवंडीत लूमवर होता. वयाने माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला भाई म्हणतो. मध्ये आम्ही तिघांनी रस्त्यापलीकडे चहा घेतला. परत आल्यावर भाई वेल्डिंगचा होल्डर घेऊन परांचीवर चढला. बाबांनी इंजिन चालू केलं आणि मी खाली लोखंड कापायला बसलो.

थोड्या वेळाने आवाज बदलला. आधी वाटलं, बाबांनी रेस वाढवली असेल. पण आवाज चढतच गेला. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर इतका निघाला की ट्रॉली दिसेना. मी धावत गेलो. बाबा स्टॉपचा लिव्हर ओढून धरून उभे होते आणि इंजिन थांबत नव्हतं. मी डिझेलचा कॉक बंद केला. तरी थांबेना. मशीनचे पत्रे थरथरायला लागले होते. वरून भाई ओरडला, "अरे क्या हो रहा है? बंद करो!"

"होल्डर छोड दो! हात मत लगाना!" मी ओरडलो.

मला काही सुचत नव्हतं. डिझेल बंद केल्यावर इंजिन कशावर चालतंय, तेच कळेना. बाबांनी लिव्हर सोडला, एअर फिल्टरची क्लिप काढून फिल्टर बाजूला फेकला. हवा आत ओढणारं तोंड उघडं पडलं. मला वाटलं, ते दाबायचं आहे, म्हणून मी तळवा पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर जोरात फटका मारला.

"हात न्हाय! आत खेचून घेईल!"

बाजूला प्लायचा तुकडा पडला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. इंजिन घुसमटलं, ट्रॉलीसकट हादरलं आणि थांबलं. मग साइटवर इतकी शांतता झाली की भाई परांची उतरत असल्याचा आवाज ऐकू येत होता.

बाबा खाली बसले. "स्वतःचंच ऑइल खात होतं," ते म्हणाले. "ऑइल जास्त झालं की असं होतं. कोणी भरलं एवढं?"

मी काडी ओढून बघितली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं. ट्रॉलीमागे ऑइलचे दोन डबे होते. एक आजचा, एक पुढच्या वेळेसाठी घेतलेला. दोन्ही रिकामे. म्हणजे चहा घेऊन आल्यावर त्यांनी परत भरलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच भरलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. भाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "अभी रहने दो."

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिला धक्का बसला नाही. कणीक मळता मळता ती म्हणाली, "बाजारातून येताना एकदा दुसऱ्याच गल्लीत गेले होते. शेजारच्यांनी आणून सोडलं."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"तू मशीन काढून घेतलं असतंस त्यांच्याकडनं," ती म्हणाली. "मग काय राहिलं असतं?"

मला तिचा राग आला. भाईचा विचार करून जास्त आला. तो त्या वेळी वर परांचीवर होता.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, विसरणं वाढत जाईल, गोळ्यांनी फार तर वेग कमी होईल. बाबा शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि परत येताना टेम्पोत म्हणाले, "इंजिन उघडावं लागेल. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील."

रिंगा गेल्याच होत्या. इंजिन दुरुस्त होऊन आल्यावर आम्ही एक तोड काढली. बाबा सांगतील, हात माझे. ते खुर्ची टाकून बसायचे, "काडी पुस. आता दाखव," म्हणायचे आणि मी दाखवायचो. कधी एकच गोष्ट परत सांगायचे, मी परत करायचो. ते महिने बरे गेले. मला वाटायला लागलं होतं, निभेल.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारातून आलो, तर अंगणात बाबा मशीनपाशी बसले होते. डिझेलचा पंप, नळ्या, फिल्टर, सगळं सुटं करून गोणपाटावर मांडलेलं. प्रत्येक भाग पुसलेला. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"उघडताना सगळं माहीत होतं," बाबा म्हणाले. नटबोल्ट हातात घेऊन ते उलटसुलट बघत होते. "आता हा कुठला, ते कळत न्हाय."

मी त्यांच्याजवळ बसलो. मलाही सगळं जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलवावा लागला. बाबा तेव्हा घरातच बसून राहिले, बाहेर बघायलाही आले नाहीत.

त्यानंतर मी मशीन दापोड्याला साइटवरच ठेवायला लागलो. आईला ते आवडलं नाही. "त्यांच्या डोळ्यांपुढनं नेलंस," म्हणाली. खरं होतं. पण अंगणात डिझेल, बॅटरी आणि एकटे बाबा, हे मला झोपू देत नव्हतं.

मागच्या महिन्यात ऑइल बदलायला मी ते मुद्दाम घरी आणलं. बाबांना खुर्चीवर बसवलं. मी ऑइल बदललं, काडी पुसून बघितली. मी इंजिन चालू केलं, तेव्हा मान तिरकी करून ऐकत राहिले. मी बंद करून हात पुसले.

"चांगलं ठेवलंय मशीन तुम्ही, मिस्त्री," ते मला म्हणाले. "कुठल्या गावचे?"

आई आतून बघत होती. मी म्हटलं, "इथलाच. कोनचा."

"बसा मग," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी ट्रॉलीच्या कडेवर बसलो. आईने दोन कप बाहेर आणून ठेवले आणि आत गेली.