चेंडूपुढची खपली

ताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी नवऱ्याला कुशीवर वळवायचं, त्याचं अंग पुसायचं, मग चहा, मग डबा. नवरा फरश्या बसवणारा कारागीर. परांचीवरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलून न्यावं लागे. एरवी तो खाली उतरतच नव्हता. ताईला तळमजल्यावर खोली घ्यायची होती आणि त्यासाठी नोकरी टिकायला हवी होती.

नोकरी गोल्फच्या मैदानावर, तण काढायची. मी तिथेच गवत कापायचं यंत्र चालवायचो. ताई उकिडवी बसून सरकत सरकत पुढे जायची. तिच्या मागे तण राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. कामात कसूर नव्हती, पण गुडघ्यांनी दगा दिला. डावा तर टम्म सुजायचा. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली.

मुकादम म्हणाला, "ताई, बसून काम होत नसेल तर तुला ठेवू कुठे? उभ्याचं एकच काम आहे. मास्तरांना मदतीला बाई हवीय."

मास्तर म्हणजे खेळ शिकवणारा तरुण. त्याच्याकडे नवशिक्या बायका येऊ लागल्या होत्या. काठी कशी धरायची, उभं कसं राहायचं, हे त्यांना दाखवायला त्याला बाई हवी होती. पण दाखवणारीला आधी स्वतःला यायला हवं. महिनाअखेरीला क्लबचे सेक्रेटरी तिचं काम बघणार होते. जमलं तर काम, नाही तर घरी.

पहिल्या दिवशी ताईने काठी कुदळीसारखी आवळली.

"मावशी, काठीचा जीव जाईल," मास्तर म्हणाला. "लहान मुलाचं बोट धरता ना, तेवढंच घट्ट. डावा हात वर, उजवा खाली. पायांत खांद्यांएवढं अंतर. गुडघे थोडे सैल."

"गुडघ्यांचं मला नका सांगू," ताई म्हणाली.

हात लवकर बसले. उभं राहणंही जमलं. काठी मागे नेऊन फिरवायची तर अंगाचा भार शेवटी डाव्या पायावर येतो. तिथे तिचा चेहरा आक्रसायचा, पण तेही तिने सोसलं. चेंडू मात्र उठेना. काठीचं पातं त्याच्या डोक्यावर बसायचं आणि तो गवतातून घरंगळत जायचा. रोज तेच.

"मान वर करताय," मास्तर म्हणाला. मान नव्हती. "घाई करताय." घाईही नव्हती. शेवटी त्याने चेंडूच उचलला. "नुसत्या गवतावर मारा. खपली निघाली पाहिजे."

चेंडू नीट लागला की पातं पुढे जाऊन गवताचा पातळ तुकडा उडवतं. त्याला आम्ही खपली म्हणायचो. ताईने काठी जोरात खाली आणली आणि बोटभर वरूनच नेली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

"अहो मावशी, मारा ना!"

"हात उचलला जातो."

"का?"

"ही गवताची पट्टी मी लावलीय."

मास्तर हसला. मला हसू आलं नाही. तिने ती पट्टी लावली तेव्हा पाण्याच्या बादल्या मी वाहिल्या होत्या. एकेक मूठ गवत दाबून बसवलं होतं तिने. पायाला सवय लागली की पाय ऐकत नाही, हातांचंही तसंच.

घरी ती छत्री घेऊन फिरवायची. नवरा पलंगावरून बघायचा.

"भिंतीवरचं घड्याळ फोडशील."

"फुटू दे. तसंही मागे पडतं."

"जमतंय का?"

"नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे ती खालची खोली. मला कुठे बाहेर बघायचंय?"

"मला चढायचे नाहीत तीन जिने," ती म्हणाली आणि छत्री कोपऱ्यात ठेवून भांडी घासू लागली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्या रात्री तिला झोप नव्हती.

पाण्याच्या टाकीमागे एक तुकडा होता. टाकी गळून तिथलं गवत कुजलं होतं, मुकादमाने ते उपटून टाकायला सांगितलं होतं. ताईने दोन दिवस मागून घेतले आणि काम सुटल्यावर काठी घेऊन तिथे उभी राहिली. पहिल्याच फटक्याला चिखलाची खपली उडून माझ्या पँटवर आली.

"लागलं का हो?"

"लागलं नाही. धुवावी लागेल."

तिथे तिने हात मोकळा केला. अंधार पडेपर्यंत मारत होती. तो कुजका तुकडा मग उपटावाही लागला नाही. गुडघा एवढा सुजला की बसमध्ये चढताना मी तिला हात दिला. एरवी तिने कुणाचा हात घेतला नसता.

महिनाअखेरीला सेक्रेटरी आले. मास्तरने चेंडू ठेवला तो नेमका तिच्या पट्टीवर. दुसरी जागा नव्हती, बाकी सगळीकडे शिकाऊ बायका होत्या. तीन चेंडू मिळणार होते.

पहिला घरंगळला. दुसराही. सेक्रेटरींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मुकादम माझ्याकडे बघून मान हलवत होता. ताई तिसऱ्या चेंडूशी वाकून उभी राहिली. काठी मागे गेली, खाली आली. आवाज वेगळाच झाला. खपली उडाली, आणि चेंडू वर जाऊन झेंड्याच्या पुढे पडला.

"बघा, मावशी, बघा!" मास्तर ओरडला.

ताई चेंडूकडे बघत नव्हती. ती लंगडत खपली आणायला गेली होती. ती जागेवर ठेवून पायाने दाबली, मग वळली.

"तीनातला एक," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, शिकवायचं मी. तिने धरणं नि उभं राहणं दाखवायचंय," मास्तर म्हणाला. "ते तिचं बिनचूक आहे."

काम मिळालं. सुखाचं नव्हतं. शिकाऊ बायका दिवसभर तिची पट्टी उकरायच्या आणि तिने "छान, पुन्हा मारा" म्हणायचं. संध्याकाळी ती खड्ड्यांत वाळू भरायची. मुकादम ओरडायचा, "ते काम तुझं नाही." डावा गुडघा पुरता सुधारला नाही. पगार मात्र चालू राहिला.

तळमजल्याची खोली दुसऱ्या वर्षी मिळाली. समोर रस्ता. नवऱ्याला उतरवायला आम्ही चौघे गेलो. पण दाराला उंच उंबरठा, चाकाची खुर्ची त्याच्यावरून जाईना. ताईने गवंडी बोलावून तो फोडला आणि सिमेंटचा उतार करून घेतला. नवरा खुर्चीत बसून बघत होता.

"अरे, उतार जास्त झालाय. घसरून रस्त्यावर जाईन मी."

"हळू ढकलतील की, काका."

"मला कुणी ढकलणार नाही. माझा मी जाणार आहे. तोड तो."

गवंड्याने ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तोडा. म्हणतायत तसा करा." उतार दोनदा झाला. दुसऱ्या खेपेचे पैसेही तिनेच दिले.