फिरता साचा

निवृत्तीनंतर मी कर्वेनगरात तज्ज्ञ म्हणून बसलो. म्हणजे लोक कागद घेऊन येतात आणि मी चष्मा पुसत मत देतो. दुसऱ्याच्या कल्पनेला 'त्यात काय विशेष' म्हणायला पुण्यात खरं तर तज्ज्ञ लागत नाही. पण पेटंटच्या भांडणात तेच शपथेवर लिहून द्यावं लागतं.

एका मोठ्या कंपनीचे वकील आले. वारज्यातल्या एका शेडवाल्याने धातूचा फेस ओतायच्या यंत्राचं पेटंट मागितलं होतं आणि कंपनीला ते अडवायचं होतं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये एक भुकटी टाकून ढवळलं की फेस येतो. तो गोठला की स्पंजासारखा हलका ठोकळा मिळतो. अडचण एकच. गोठेपर्यंत धातू खाली निथळतो आणि ठोकळा खाली जड, वर पोकळ होतो. या गृहस्थाने गार होईपर्यंत साचाच सावकाश उलटापालटा फिरवत ठेवला होता. बस, एवढंच.

अर्जावरचं नाव वाचलं आणि मी चपापलो. हा तर आमच्या कारखान्यातला फिटर! याच निथळण्यापायी मी दोन वर्षं डोकेफोड केली होती, आणि दर वेळी भट्टीपाशी तोच उभा असायचा. मी तापमान बदललं, भुकटी बदलली, ढवळायचं पातं बदललं. साचा फिरवावा, हे काही सुचलं नाही. शेवटी 'हे होण्यासारखं नाही' असा अहवाल देऊन मोकळा झालो.

सहज सुचण्यासारख्या गोष्टीला कायद्याने पेटंट मिळत नाही. म्हणून आता शपथपत्रात मी लिहिलं, 'या धंद्यातल्या कोणाही जाणकाराला हे सहज सुचलं असतं.' उत्तर समोर असलं की सगळं सोपंच दिसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर, माझ्या हाताखालच्या माणसाला ते सुचलं हे मला सहन झालं नव्हतं. त्याचा अर्ज फेटाळला गेला. निकालात माझं वाक्य जसंच्या तसं होतं.

पुढे एकदा तो मंडईत भेटला. मटार निवडत होता.

"साहेब, तब्येत बरी हाय ना?"

मला राहवलं नाही. "अहो, माझी ती दोन वर्षं तुम्ही वकिलाला का नाही सांगितलीत? माझं म्हणणं तिथंच पडलं असतं."

"माझ्या तोंडच्या शब्दाला कोण विचारतंय? भट्टीवरची त्या दोन वर्षांची नोंदवही तुमच्यापाशी." त्याने पिशवी खांद्याला लावली. "मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नोंदवही खरंच माझ्यापाशी आहे. पानापानावर आकडे त्याच्या अक्षरात, खाली सही माझी. शपथपत्र द्यायच्या आदल्या दिवशी मी ती कपाटातून काढली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती, आणि परत जागेवर ठेवून दिली होती.