नाव नसलेलं कापड

लोमे शहरातल्या मोठ्या बाजारात बिननावाचं कापड कुणी घेत नाही. बाई कापड नेसते ती चार लोकांत काहीतरी सांगायला. सवतीशी बोलायचं नसेल तर ‘मी आधी आले’ नावाचं कापड नेसून तिच्या दारावरून एक चक्कर मारली की काम होतं. नवऱ्याने हात आखडता घेतला तर ‘माझंही माहेर आहे’ नेसून त्याच्यापुढे ताट ठेवायचं. ही नावं कारखानदार देत नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना नक्षीचा फक्त नंबर ठाऊक असतो. नावं देतात बाजारातल्या बायका, आणि त्या बायकांत चाळीस वर्षं झिग्बोदीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अख्खा बाजार तिला तासी म्हणायचा. तासी म्हणजे आत्या. नवीन माल आला की घाऊक कोठीवाले आधी तिच्याकडे तुकडा पाठवत. ती तो मांडीवर पसरायची, भाजलेल्या शेंगदाण्यांचा एक बकाणा भरायची, नक्षीवरून तळहात फिरवायची. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या बकाण्याला नाव यायचं. संध्याकाळपर्यंत ते नाव कोतोनूच्या बसमध्ये चढलेलं असायचं, आणि आठवड्याने वागादुगूच्या व्यापारिणी त्याच नावाने माल मागत यायच्या.

ते दिवस गेले हे तिलाही कळत होतं. एका जानेवारीत सरकारने फ्रँकची किंमत एका दिवसात निम्म्यावर आणली, तेव्हा तिच्या अर्ध्या मैत्रिणींनी गाड्या विकल्या. पुढे एका जानेवारीत बाजाराची मोठी इमारतच जळाली आणि तिच्यासोबत तासीचं दुकान. आता तिच्याकडे राहिलं होतं कॅथेड्रलच्या भिंतीलगतचं एक लाकडी टेबल आणि एक मोठी छत्री. त्यात चीनहून या मेणछाप कापडाच्या नकला यायला लागल्या, मूळ मालाच्या पाव किमतीला. तासी आधी नाक मुरडत होती. मग गिऱ्हाईक तिच्यासमोरून नकला घेऊन जायला लागलं, तेव्हा तिने मुरडलेलं नाक सरळ केलं आणि लेकीला म्हणाली, “बघ बाई तुझ्या त्या फोनवर काय जमतंय का.”

लेकीचं नाव एलोलो. वय चौतीस, तोंडाने फटकळ, फोन हातातून सुटत नाही. चीनमधल्या एका कारखान्याशी तिचं बोलणं ठरलं. नमुना म्हणून तिने घरातल्या ट्रंकेतल्या पंख्याच्या नक्षीच्या एका जुन्या कापडाचा फोटो काढून पाठवला. जवळची होती नव्हती ती सगळी पुंजी आईने त्या मालात घातली. हा माल पडून राहिला तर पुढचा माल भरायचा कशाने, आणि माल नसलेल्या बाईचं टेबल बाजार महिनाभरसुद्धा राखून ठेवत नाही. प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारी एक बाई त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून होतीच.

गठ्ठे बंदरातून सुटून आले. तासीने पहिला फोडला, तुकडा मांडीवर घेतला, शेंगदाणे तोंडात टाकले. एक बकाणा झाला, दुसरा झाला, कागदाची अख्खी पुडी संपली. नाव येईना.

“हे काय आहे?” ती शेवटी म्हणाली.

“पंखा,” एलोलो म्हणाली, पण तिचाच आवाज बारीक झाला होता.

पंख्याची एक पात होती खरी. ती मध्येच मोडून भलत्याच दिशेला निघाली होती. तिच्यातून एक जाड रेघ तिरकी गेली होती, रेघेपलीकडे कसलीतरी काळोखी होती, आणि कोपऱ्यात एक गोलसर, गुळगुळीत काहीतरी. रंगही धड नाही. निळा म्हणावा तर काळपट, काळा म्हणावा तर उजेडात जांभळा दिसणारा.

शेजारच्या टेबलावर लेस आणि दोरे विकणारी पेर्पेत्यू उठून आली. तिने तुकडा उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. “मला विचारशील तर हे मूत्रपिंड आहे,” ती म्हणाली. “दिराला दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्यात भिंतीवर चित्र बघितलं होतं.”

“मूत्रपिंड कोण नेसेल?”

“तेच म्हणते मी.”

चार दिवस जो येईल तो काहीतरी सांगून गेला. एकीला कांदा दिसला, एकीला बुडालेला ढोल, मोटरसायकलवाल्याला गिअरचं झाकण. पाचव्या दिवशी एलोलोने फोनमधला मूळ फोटो उघडला, तेव्हा उलगडा झाला आणि त्यामुळे डोकं आणखीच फिरलं. एलोलोने कापड घडी घालून पलंगावर ठेवलं होतं आणि एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने फोटो काढला होता. कारखान्याने इमानेइतबारे जे दिसलं ते छापलं. घडी छापली, घडीची सावली छापली, आणि ते गोलसर गुळगुळीत म्हणजे एलोलोचा अंगठा होता. हजारो वार कापडावर, दर वितीला एकदा.

तासीने कपाळावर हात मारला. “तुझ्या बारशालासुद्धा तुला एवढी मिरवली नव्हती गं.”

“त्यांना कळायला नको? अंगठा आहे हे लहान पोरालाही कळेल.”

“इथे कुणाला कळलं? पेर्पेत्यू मूत्रपिंड म्हणते.”

तासीला लेकीचा राग कमी आणि स्वतःचा जास्त येत होता. घडी आणि सावली कळली, अंगठा कळला, तरी त्या कापडाकडे पाहिलं की ती बुचकळ्यात पडत होती. हे आनंदाचं कापड की दुःखाचं, टोमण्याचं की लाडाचं, काहीच हाताला लागत नव्हतं. चाळीस वर्षांत कापड तिच्याशी बोललं नाही असं झालं नव्हतं. आपलं डोकं गेलं की काय, अशी धास्ती तिने घेतली. जेवताना आकूमेचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा रश्शात बुडवून ती तशीच बसून राहायची.

एलोलोच्या हट्टाने तिने एक नाव ठोकून दिलं, ‘मंत्र्याचं पोट’. दोन गिऱ्हाइकं हसली आणि तुकडा टेबलावर परत ठेवून गेली. बादल्यांवाली संध्याकाळी मुद्दाम येऊन विचारून गेली, “तासी, छत्रीसकट द्याल ना जागा?”

तासीला सगळ्या जगासाठी नावं सुचायची. फक्त एका गोष्टीला नाव द्यायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. तिचा नवरा आमूझू मोटारींचा मेकॅनिक. एलोलो रांगत होती तेव्हा तो बोटीने गॅबनला गेला, कामाला. दोन पत्रं आली, एकाच्या हाती एक रेडिओ आला, आणि मग काही नाही. बुडाला म्हणावं तर तो पोचल्याची पत्रं होती. दुसरं घर केलं म्हणावं तर पाहिलेलं कुणी नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात तिने ‘गॅबन’ एवढंच लिहून दिलं होतं. चर्चमध्ये विधवांचा बाक वेगळा आणि नवरे असलेल्या बायकांचा वेगळा. तासी घरून स्टूल न्यायची आणि मेणबत्त्या विकणाऱ्या बाईशेजारी बसायची. तेहतीस वर्षं. लोकांनी विचारणं केव्हाच सोडलं होतं. एलोलोने विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं: “बाबा गॅबनला आहेत.”

माल येऊन सहा आठवडे झाले होते. एका मंगळवारी आनेहोहून दोन बायका आल्या. कोळी घरातल्या, हे त्यांच्या हातांवरूनच कळत होतं. पुढची थोराड, ठसक्यात चालणारी. मागची तिशीची, तिच्याकडे बघितलं तर तीन दिवस झोपली नसावी असं वाटत होतं.

“सुतकाचं लाल-काळं दाखवा,” थोराड बाई म्हणाली. “ऐंशी माणसांचं घर आहे. माझ्या भावाचे विधी आहेत, एकुएचे.”

तासीने हात जोडून दुःख व्यक्त केलं आणि गठ्ठ्याकडे वळली. घरातलं माणूस गेलं की सगळं घर एका कापडात उभं राहतं, मग कितीही भांडणं असोत. अशी एक मागणी म्हणजे टेबलाचे चार महिने सुटतात.

“लाल-काळं नको,” मागची हळूच म्हणाली. ही एकुएची बायको, सेनामे.

“झालं सुरू,” नणंद म्हणाली. “तासी, तुम्हीच सांगा. आठ महिने झाले. होडी उलटली, पाचांतले तिघे पोहत आले, एकाचं प्रेत मिळालं. आमचा मिळाला नाही. म्हाताऱ्यांनी तारीख धरली. किती दिवस घर टांगून ठेवायचं?”

“आईंनी काय सांगितलंय?” सेनामेने विचारलं.

“आईंचं सोड.”

“त्या म्हणाल्या, जित्या पोराचं सुतक मी नेसणार नाही. लाल-काळं आणलंत तर चुलीत घालीन.” मग ती तासीकडे वळली. “आणि पांढरं आणलं तर या म्हणतात, वहिनी नाचायला निघाली. मी काय करू, मला कळत नाही. सकाळी वाटतं गेले. भात टाकताना हात आपोआप दोघांचा टाकतो.”

नणंदेने तोंड फिरवलं. तिचा ठसका बराच उतरला होता. “माझाही भाऊ आहे तो,” ती भिंतीकडे बघून म्हणाली. “मी काय हौसेने आलेय?”

तासीने एकेक करून सगळं काढलं. गडद निळं दाखवलं. ते म्हातारपणी गेलेल्याचं. तपकिरी दाखवलं, त्याचं नाव ‘वाट बघ’, आणि ते ऐकून नणंद म्हणाली, “तारीख धरून ‘वाट बघ’ नेसायचं?” प्रत्येक कापड काहीतरी ठाम सांगत होतं, आणि या दोघींना ठाम काही चालणार नव्हतं. टेबल रिकामं झालं. तासीने हात टेकले. तेव्हा सेनामेचं लक्ष टेबलाखालच्या गठ्ठ्यांकडे गेलं, ज्यांच्यावर एलोलो जेवणाचा डबा ठेवत असे.

“ते काय आहे?”

“ते नको, पोरी. तो फसलेला माल आहे.”

सेनामेने तरी ओढलाच. तिने कापड उजेडात धरलं, सावलीत धरलं. मोडकी पात, तिरकी रेघ, रेघेपलीकडची काळोखी. 

“हा रंग कुठला?”

“मला सांगता येत नाही,” तासी म्हणाली.

“आणि हे काय काढलंय?”

एलोलो तोंड उघडणार तोच तासीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. पण मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पोर दुःखात आली होती, तिला फसवायचं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, घडी, सावली, अंगठा, मूत्रपिंडसुद्धा. “चाळीस वर्षं नावं देतेय मी. याचं मला काही कळलेलं नाही. हे कशाचं आहे ते मलाच माहीत नाही.”

सेनामेने कापड नणंदेच्या हातात दिलं. “आई हे नेसतील,” ती म्हणाली. “यात ते गेले असं नाही. आणि आहेत असंही नाही.”

नणंदेने ते बोटांनी चाचपलं.  मग ती म्हणाली, “ऐंशी माणसांचं होईल का?” आणि डोळे पुसायला पलीकडे गेली.

विधी झाले त्या दिवशी आनेहोच्या किनाऱ्यावर ऐंशी माणसं त्या कापडात उभी होती. म्हातारीही होती. बघायला आलेल्यांत ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पंधरा दिवसांत एक बाई आली, तिचा मुलगा लिबियाच्या वाटेवर गेला होता आणि त्याचा फोन दोन वर्षं लागत नव्हता. मग एक आली, जिची बहीण लागोसला कामाला जाऊन परतली नव्हती. या बायका कापडाचं नाव विचारत नसत. आनेहोचं ते कापड, एवढंच म्हणत, आणि तासीही काही म्हणत नसे. गठ्ठे उतरत गेले. बादल्यांवालीने दुसरा कोपरा शोधला. एलोलो फोनवर पुढची मागणी घालायला बसली आणि विचारू लागली, अंगठा ठेवायचा की काढायचा. “ठेव,” तासी म्हणाली. “आता तो कुणाचा आहे ते कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं.”

पहिल्या मालातला शेवटचा सहा वारांचा तुकडा राहिला तेव्हा कोतोनूची एक व्यापारीण त्याच्यासाठी दीडपट द्यायला तयार होती. तासीने तो तिला दिला नाही. का, ते पेर्पेत्यूला कळलं नाही, आणि दोन दिवस ती त्यावरच बोलत राहिली.

रविवारी सकाळी एलोलो आईला चर्चला न्यायला खोलीत आली. तासी आरशासमोर उभी होती. तिने ते कापड नेसलं होतं. दाराशी ठेवलेल्या स्टुलाकडे दोघींनी एकदमच पाहिलं.

“आई,” एलोलो म्हणाली.  “बाबा आहेत की गेले?”

तासीने कमरेची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

“मला माहीत नाही गं,” ती म्हणाली.

एलोलोने स्टूल उचललं आणि दोघी निघाल्या.