अम्म शहाताच्या सायकलचा चिमटा

सायकलमधलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. शुब्रा वस्तीत चाळीस वर्षं पाने हातात धरलेत, लोक उगाच नाही मला उस्ता वहबा, म्हणजे वहबा उस्ताद, म्हणत. पण अम्म शहाताच्या, म्हणजे आमच्या शहाताकाकाच्या, सायकलपुढे माझी सगळी अक्कल मातीत गेली.

शहाता आमच्या गल्लीतल्या भट्टीचा रोटीवाला. डोक्यावर खजुराच्या काड्यांची माणसाएवढी फळी, तिच्यावर दीडशे गरम रोट्या, एक हात फळीला, एक हँडलला. गर्दीतून असा निघायचा की बघणारा आपसूक बाजूला व्हायचा. बायको नवाल जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी कुवेतला. तो माणसांशी बोलायचा ते या रोट्यांच्या फेरीत तेवढंच. उम्म हानी, म्हणजे हानीची आई, तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडायची आणि वरूनच ओरडायची, "शहाता, आज रोट्या करपल्यात की तू?"

"मी कधीचाच करपलोय, बाई! एकदा खाली येऊन बघ तरी!"

गल्ली हसायची. फेरी संपली की मग खोली आणि रेडिओ, दुसऱ्या सकाळपर्यंत.

पुढे त्याची मान धरली. डॉक्टर म्हणाला, खड्ड्यांचे दणके थांबवा, नाहीतर फळी सोडा. शहाता तसाच माझ्या दुकानात आला, तोंड पार उतरलेलं.

"उस्ता, फळी सोडली तर सकाळी उठून मी करू काय?"

"रडू नकोस बायकांसारखा. पुढच्या चाकाला शॉकअपचा चिमटा टाकू. लोण्यावरून गेल्यासारखी जाईल."

बोलायला काय जातं! त्याची सायकल माझ्या लग्नाच्या आधीची. हल्लीच्या चिमट्यांची नळी जाड, हिच्या सांगाड्यात शिरेचना. बारीक नळीचा मिळाला तर कुणीतरी आधीच कापून आखूड केलेला. लांब मिळाला तर चाक बसेना. चार शुक्रवार मी बाजारात भंगाराचे ढीग उपसले, शेवटी एक सापडला. नळी बारीक, लांबी पुरेशी, वर आटे, ब्रेकलाही जागा. तीन तीनदा मापलं. तंतोतंत! सायकलचं नाक दोन बोटं वर गेलं खरं, पण म्हटलं, तेवढं चालतं.

शहाताने दुकानासमोर चार चकरा मारल्या, दोन्ही हात हँडलवर ठेवून. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं हसताना पाहिलं.

"अरे, मान आहे की नाही तेच कळत नाही!"

चकरा मारल्या त्या रिकाम्या डोक्याने. हा माणूस रिकाम्या डोक्याने सायकल चालवतच नाही, हे माझ्यासारख्या गाढवाच्या ध्यानात येऊ नये?

दुसऱ्या सकाळी तो फळी घेऊन निघाला. माझ्या दुकानापाशीच एक हातगाडी आडवी आली आणि त्याने ब्रेक दाबला. जुना चिमटा अशा वेळी ताठ उभा राहायचा. हा पुढे दबला. फार नाही, दोनतीन बोटं दबला असेल. पण डोक्यावरची फळी तेवढ्यानेच पुढे कलली, हातातून निसटली, आणि तिच्यामागे शहाताही गेला.

सगळी गल्ली धावली. रोटी मातीत पडलेली आमच्याकडे कुणाला बघवत नाही. उचलायची, ओठांना लावायची, कपाळाला लावायची, कुणाचा पाय पडणार नाही अशी उंचावर ठेवायची. उम्म हानी तर चपला न घालता तीन मजले उतरून आली. जो तो वाकून रोट्या वेचत होता, देवाची माफी मागत होता. शहाता भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आणि मी? मी धावत जाऊन आधी चिमटा तपासला, वाकलाबिकला नाही ना म्हणून. सांगायलाही लाज वाटते.

भट्टीच्या मालकिणीने, हाज्जा इन्शिराहने, त्याच आठवड्यात फेरी तीनचाकीवाल्याला दिली.

वीसेक दिवसांनी शहाता सायकल ढकलत आला.

"जुना चिमटा ठेवलायस ना? तोच बसव."

"वेड लागलंय का तुला? आता फळी नाही, काही नाही. चालव की आरामात!"

"नको. खड्डा कधी आला, कधी गेला, काही कळत नाही. ते खड्डे तरी माझ्या ओळखीचे होते."

"म्हणजे अजून त्याच वाटेने फेरी मारतोस?"

"रोज. उम्म हानीची टोपली आता तीनचाकीवाल्यापाशी उतरते. बाई त्याच्याशी पण तशीच बोलते."

मी नवा चिमटा काढला, जुन्याच्या बेअरिंगचे छर्रे पुसले, ग्रीस भरलं. तो स्टुलावर बसून माझे हात बघत होता. शेवटचा नट आवळताना माझ्या तोंडून निघालं, "शहाता, त्या दिवशी तुला लागलं होतं का रे?"

त्याने स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"लागलं होतं की," म्हणाला, आणि मला दाखवायला त्याने विजार गुडघ्याच्या वर ओढली. खपली केव्हाच पडून गेली होती.