आत कोण आसा?

मला बघायला नाना आमच्या गिरगावातल्या घरी आले तेव्हा पोह्यांच्या बशीला हात लावायच्या आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात निजतत किती जण?" आई गारच पडली. मी तेव्हाही तोंडाळच. म्हटलं, "चार. का?" त्यांनी कोपऱ्यातल्या वळकट्यांकडे पाहिलं. "वळकट्या तर पाच दिसतत." "पाचवी मामाची. तो नोकरीसाठी राहतो इथं, घरातला नाही." त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला. "असा म्हणू नको गो," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "मुलगा चांगला आहे गं, पण सासरा जरा हा आहे."

सासरा 'हा' होताच. नाव दत्ताराम, पण लालबागच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना बंबवाले नाना म्हणत. सगळी नोकरी आगीच्या बंबावर झाली आणि निवृत्त झाल्यावरही तो बंब काही अंगातून उतरला नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की नाना उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजत बसायचे. लग्नाला गेलो की वधूवरांच्या आधी हॉलचं मागचं दार बघून यायचे, ते कुलूपबंद असलं की मॅनेजरला धारेवर धरायचे आणि माझा नवरा लाजेनं अर्धा व्हायचा. त्यांचं पालुपद ठरलेलं होतं. "रेशनकार्डार किती ता माका नको. आत किती ता सांग."

एरवी माणूस लोण्यासारखा. माझ्या लेकीच्या शाळेच्या दोन वेण्या तेच घालायचे, त्याही इतक्या घट्ट की पोरीचे डोळे ताणले जायचे. रविवारी बाजारातून कोळंबी आणायची आणि सोलायचीही त्यांनीच. अशाच एका रविवारी, कोळंबी सोलता सोलता, मी त्यांना चेष्टेनं म्हटलं, "नाना, तुम्ही शिरगणतीच्या खात्यात हवे होतात." ते हसले नाहीत. हातातली कोळंबी ताटात ठेवली आणि सांगू लागले.

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. परळच्या बाजूला एका चाळीत दुपारी आग लागली. बंब पोचला तेव्हा नवरा, बायको आणि तीन मुलं रस्त्यावर उभी होती. नानांनी त्या नवऱ्याला विचारलं, "घरातले सगळे बाहेर आले?" त्यानं बोटानं मोजलं. "आलो साहेब, पाचही आलो." नानांनी वर कळवलं, खोली रिकामी. मग सगळे शेजारच्या खोल्या वाचवायला धावले. आग विझल्यावर नाना आत शिरले, तर मोरीच्या कठड्याशी एक म्हातारी बसलेली. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेली, आदल्याच दिवशी इस्पितळातून घरी आणली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तिला दार दिसलंच नव्हतं.

"तो खोटा नाय बोललो गो," नाना म्हणाले. "घरातले पाचच होते. ती पाव्हणी, गडबडीत मोजूची रवली. शब्द माझो चुकलो. 'आत कोण आसा' असा इचारूक होया होता."

तिचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. त्या घरातले "आत्या, आत्या" म्हणून रडत होते, आणि नाव विचारायचा त्यांना धीर झाला नाही. धीर झाला तोवर खोली विकून ते कुटुंब निघून गेलं होतं आणि जुने कागद कुणाला सापडेनात. सर्वपित्रीला नाना एक पान जास्त वाढायला लावायचे. सासूबाई करवादायच्या, "बिननावाचा पान कोणाचा ता तरी सांगा!" नाना त्या पानाभोवती पाणी फिरवायचे. मला मात्र त्या दिवशी म्हणाले, "धुरात नाव घेऊन हाक मारूची लागता. नुसता 'बाई' म्हटल्यार कोण ओ देतला? नाव गावला तर एकदा हाक मारीन."

पुढे फुप्फुसांनी दगा दिला आणि नानांनी अंथरूण धरलं. भर दुपारी दचकून उठायचे, भिंतीकडे बघत ओरडायचे, "बाई, ओ बाई, भायर येवा!" लेक घाबरून माझ्या मागे लपायची. मला ते सहन होईना. विचारत विचारत मी त्या कुटुंबातली धाकटी मुलगी शोधून काढली, प्रभादेवीला. आता तिलाच नातवंडं. बिचारी खूप वेळ कपाळ चोळत बसली. "आम्ही आत्याआजीच म्हणायचो हो. नाव कुणी घेतलंच नाही कधी. गावी चुलतभावाला विचारते."

घरी आले. नानांना सांगूनच गेले होते, ते दाराकडे डोळे लावून पडलेले.

"गावला?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "द्वारका. द्वारकाबाई." माझ्या स्वतःच्या आजीचं नाव. दुसरं काही सुचलंच नाही मला.

नानांनी ते नाव दोनतीनदा तोंडात घोळवलं. मग दोन दिवस, श्वास पुरेल तेव्हा, हाका मारत राहिले. "द्वारकाबाय, भिया नको. माझ्या आवाजार येवा." तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. चेहरा शांत होता, असं सगळेच म्हणाले. नवरा माझे हात धरून रडला. "तू सोडवलंस गं त्यांना."

बाराव्याला प्रभादेवीहून फोन आला. चुलतभावाला जुन्या सातबाऱ्यावर नाव सापडलं होतं. चंद्रभागा. मी आभार मानले आणि फोन ठेवला. अजून कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. भीती वाटते मला, खरंच सांगते. दोन दिवस माझा सासरा जीव तोडून हाका मारत होता आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली चंद्रभागा आत बसून ऐकत असेल, की ही हाक आपल्याला नाही, या घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी आहे.