चुलीपाशी विचारलेले घंटे

अठरा ऑक्टोबर. काम एकच होतं. लोधीखेड्याच्या पुढे नदीकाठच्या एका गावात जुनी मोटरबोट विकायला होती, ती पाहून यायची आणि बरी वाटली तर इसार देऊन यायचं. पिशवीत मी टॉर्च, पेचकस, फडकं आणि तेलाचा थेंब टाकून पाहायला पांढऱ्या कागदाचे तुकडे घेतले. आमचा संत्र्याचा बगीचा धरणाच्या पलीकडच्या काठावर आहे. धरण भरलं तेव्हा जवळचा रस्ता पाण्याखाली गेला. लांबच्या वळशानं माल आणला तर फळं खड्ड्यांत आपटून डागी होतात आणि व्यापारी ती बाजूला काढतो. अंबिया बहार उतरवायची वेळ झाली होती आणि आमच्या बोटीचं इंजिन पावसाळ्यातच बसलं होतं. त्यामुळे जाणं भाग होतं.

अशा कामाला मी याआधी बाईंशिवाय कधी गेले नव्हते. बाई म्हणजे माझी मोठी नणंद, चंद्रकला. पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांची तेरवी परवाच झाली होती. तेरवीला आलेल्या बायका मला म्हणाल्या, रडून घे, मोकळं वाटेल. मला तसं काही होत नव्हतं. मंडपवाल्याची भांडी परत द्यायची होती, ती मी घासून दिली.

वापरलेली वस्तू घ्यायला गेलं की पुरुष वस्तूकडे जात आणि बाई सरळ घरात जात. ही त्यांची रीत मी लग्न होऊन आले त्याच वर्षी पाहिली. सौंसरजवळ एक जुना ट्रॅक्टर पाहायला आम्ही तिघं गेलो होतो. बाई, मी आणि माझे यजमान मनोहर. मीटरवर घंटे, म्हणजे इंजिन चालल्याचे तास, फारच कमी होते. मनोहर खूश झाले, ट्रॅक्टरखाली वाकून वाकून पाहू लागले. बाईंनी दारात उभं राहून विचारलं, "पानी भेटन का वं बाई?" आणि आत गेल्या. पाणी प्यायला कोणाला एवढा वेळ लागत नाही. बाहेर आल्या त्या पदरानं तोंड पुसत.

"मले लाल रंग नाही पाहवत," त्या म्हणाल्या. "चाल मनोहर."

ट्रॅक्टरवाला हसला. मनोहर संतापले. वाद घालून उपयोग नव्हता, कारण पैसे बाईंच्या नावावरच्या वावराचे होते. परतीच्या बसमध्ये मनोहर पुढे जाऊन बसले, तेव्हा बाई माझ्या कानाशी लागल्या. "त्याची बायको म्हने, दोन मोसम झाले, मानूस घरी जेवाले नाही. दिवसा लोकायच्या वावरात नांगर, रात्री थ्रेशर. अन् मीटर सांगते का साहेब आरामात होते."

"मग तिथंच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"रंग नाही आवडला म्हनून सांगितलं ना."

बाईंचं घंट्यांचं गणित असं असे. डबा किती वाजता जातो, माणूस दिवे लागायच्या आधी येतो की नंतर, कपड्याला डिझेलचा वास रोज येतो की आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात वस्तू झाकून असते की भाड्यानं फिरते. हे सगळं त्या पोराबाळांच्या, पोटदुखीच्या आणि भाजीच्या गप्पांतून काढून घेत. समोरच्या बाईला आपण काही सांगतोय याचा पत्ताही नसे. "मीटर कोनी बी बदलून देते वं सुनंदे," त्या म्हणत. "घरची बाई कोठून बदलवन थो?"

माझा विश्वास लोखंडावर. मीटरचे स्क्रू चकचकीत आणि पट्टी जुनी असेल तर मीटर नवीन बसवलेलं आहे. घंटे थोडे आणि हँडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल तर कोणीतरी खोटं बोलतंय. आपण पोहोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर ते थंडपणी सुरू व्हायला त्रास देतं. हे मी बाईंना समजावून सांगत असे. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "तू नट पाह्य, मी नथ पाह्यतो."

आमची पहिली बोट त्यांनीच घेतली. तिच्या मीटरवर घंटे इतके होते की दोन गिऱ्हाइकं आकडा पाहूनच परत गेली होती. मीही नको म्हटलं. मनोहरांनी ट्रॅक्टरचा हिशोब लावला आणि म्हणाले, एवढ्या घंट्यांत ट्रॅक्टरचंही इंजिन खोलावं लागते, हे तर पाण्यातलं इंजिन आहे. बाई त्या घरच्या म्हातारीजवळ लसूण सोलत बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "घेऊन टाक. हिरवी आहे, चांगली दिसते." विकणारा मनात म्हणाला असेल, बरी भोळी भेटली. नंतर मला कळलं. म्हातारीचा नातू संध्याकाळभर काठाला बांधलेल्या बोटीत बसून गाणी ऐकत असे, चावी लावून. इंजिन बंद, पण चावी लागली की मीटर धावतं. म्हातारीची तक्रार एवढीच होती की पोरगं बॅटरी उतरवते आणि जेवायला हाक मारली तर येत नाही. त्या बोटीनं आमचे सहा बहार या काठावर आणले.

आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. भाव पाडायला सुद्धा नाही. मनोहरांनाही त्या सांगत नसत. "मानसाच्या पोटात नाही रायत. पानठेल्यावर जाऊन ओकते." त्यामुळे पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत जुनी वस्तू विकणाऱ्यांमध्ये बाईंचं नाव झालं होतं. रंग पाहून इंजिन घेणारी बाई. त्यांच्या पाठीमागे लोक हसत. समोरही हसत. मनोहरांना त्याची लाज वाटे. एकदा ते चिडून म्हणाले, "बाई, लोक तुले येडी म्हनून राहिले."

"म्हनू दे," बाई म्हणाल्या. "मले येडी म्हनते त मी संध्याकाळी आपल्या घरी येतो. थे बाई तेथच रायते."

मनोहरांना ते वाक्य कळलं नाही. मलाही त्या दिवशी अर्धंच कळलं. उरलेलं बऱ्याच वर्षांनी, मेथी निवडता निवडता कळलं. बाईंचं सासर सौंसरकडचं. त्यांच्या नवऱ्यानं विहिरीवरचं इंजिन विकायला काढलं होतं. घेणारा पाणी प्यायला आत आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, बाई, चालते का चांगलं? बाई तेव्हा विशीतल्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, रात्रंदिवस चालते, अर्धा गाव याच्यावरच ओलीत करते. तो माणूस बाहेर गेला आणि चार लोकांत म्हणाला, तुमची बाईच सांगते ना!

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. सौदा तुटला. हात बी तुटला."

त्यांचं डावं मनगट पूर्ण वळत नसे, हे मी पहिल्या दिवसापासून पाहत आले होते. पोळी लाटताना त्या पोळपाटच फिरवून घेत. मला वाटे लहानपणी पडल्या असतील. त्यानंतर त्यांचे वडील त्यांना घेऊन आले आणि त्या परत गेल्या नाहीत. एवढं सांगून त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि बकरीला टाकायला उठल्या.

सप्टेंबरच्या शेवटी कपडे वाळत घालताना बाई अंगणात पडल्या. नागपूरला नेलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता, वाचा गेली होती. नर्स येऊन सलाईन बदलून जाई आणि बाई तिच्याकडे नुसत्या पाहत. गाव कोणतं, घरी सासू आहे का, पोरं किती, हे बाईंनी विचारल्याशिवाय त्यांच्या जवळून कोणी बाई कधी गेली नव्हती. पाचव्या दिवशी त्या गेल्या. मी फोन केले, गाडी ठरवली, सही केली.

तर अठरा तारखेला मी आणि मनोहर लोधीखेड्यावरून पुढे गेलो. बोटीचे मालक शेषराव, पन्नाशीचे, बोलायला गोड. बोट डोहात बांधलेली होती. इंजिनाला हात लावला, थंड होतं. मीटरवर घंटे माफक. स्क्रू जुने, पट्टीइतकेच गंजलेले. हँडलचं रबर घंट्यांना शोभेल इतकंच झिजलेलं. तेलाचा थेंब कागदावर टाकला, स्वच्छ. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं, धूर नाही. डोहात दोन फेऱ्या मारल्या. लोखंड जे जे सांगू शकतं ते सगळं त्यानं चांगलं सांगितलं. मी मनोहरांना मान हलवून हो म्हटलं आणि त्यांनी तिथंच इसार दिला.

माझे हात तेलानं माखले होते म्हणून मी आत गेले. कारण तेवढंच होतं. बाईंसारखं बसून बोलणं मला कधी जमलं नाही आणि त्या दिवशी तर मला कोणाशीच बोलायचं नव्हतं. शेषरावांची बायको चुलीपाशी होती. तिनं मला मोरीवर राख दिली आणि हातावर पाणी घालू लागली. मी काही विचारलं नाही. तिनंच विचारलं.

"बोटीत कोन बसते तुमच्या?"

"मजूर. तोडाईवाल्या बायाच जास्त."

ती पाणी घालत राहिली. हात केव्हाच धुऊन झाले होते. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात इंजिन तापून फुटलं होतं. वेल्डिंगनं आतून भरून आनलं. घंटाभर बरं चालते, मंग आत पानी घेते. एक खेप मधातच बंद पडलं, हे पोहून आले." मग तांब्या खाली ठेवला. "मी नाही सांगितलं."

मीटर खरं होतं. इंजिन खरंच तेवढेच घंटे चाललं होतं.

मी पदराला हात पुसले. बाहेर चहा आला होता. पाच पावलांत काय बोलायचं ते ठरवायचं होतं. इंजिन फुटकं आहे म्हटलं असतं तर मी आत गेल्यावरच ते मला कसं कळलं, हे शेषरावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इंजिनात खोट आहे असं म्हणायला तोंड उरलं नव्हतं, आत्ताच मी सगळं तपासून मान हलवली होती.

"शेषरावभाऊ, नाराज नका होऊ," मी म्हणाले. "घरी आत्ताच गमी झाली. माझी नणंद गेली. परवा तेरवी होती. या सालात मोठी वस्तू घरात आणू नये, असं आमच्यात आहे. मी इकडे निघायला नको होतं."

मनोहरांचा चहाचा ग्लास हवेतच राहिला. आमच्यात असं काही नाही, हे त्यांना माहीत होतं. शेषरावांनी हात जोडले, म्हणाले, "मले काय माहीत वयनी, भाऊ बी काही बोलले नाही," आणि इसार परत मनोहरांच्या खिशात घातला. आत ती बाई पातेलं घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

ती बोट पुढे कोणीतरी घेईल, त्याच्याही बोटीत माणसं बसतील. बाईंना मी एकदा असंच विचारलं होतं, तेव्हा त्यांनी विषय बदलला होता.

परतताना सौंसर आलं. मनोहरांनी रेल्वे फाटकाजवळ मोटरसायकल थांबवली आणि मागे न पाहता ते म्हणाले, "तेरवीले तुनं एक टिपूस नाही गाळला. आज बोट नको होती त तिले पुढं केलं."

चुलीपाशी ऐकलेलं त्यांना आता सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर गेलं असतं, आणि तिथून लोधीखेडा फार लांब नाही. घरी आल्यावर मी भात टाकला. ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्यांची ट्रॉली मागून आमच्या ट्रॅक्टरला जोडायला लावली. वळशानंच माल आणायचा होता, तर निदान फळं कमी आपटावीत म्हणून तळाला वाळल्या तणसाचा, काडाचा जाड थर दिला, त्यावर रिकामे कॅरेट रचले आणि दोर आवळला. मनोहर स्टीअरिंगवर येऊन बसले, पण चावी फिरवली नाही.

"इंजिन चांगलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"पाहायला चांगलंच होतं."

"मीटर?"

"मीटर खरं होतं."

"मंग बाई असती त तिनं काय म्हटलं असतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं का त्यांनी?"

गल्लीतून दूधवाला गेला. "नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "नाही सांगितलं असतं." मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि चावी फिरवली.

मी ट्रॉलीत चढले. कॅरेट सगळे रिकामे होते, तरी पहिल्या खड्ड्याला त्यांनी ट्रॅक्टर हळू केला. मी मागे दोर धरून बसले.